वंशावळीतला कच्चा सांधा कसा शोधायचा

घराण्याच्या वंशावळीची दोन्ही टोकं सहसा पक्की असतात. खालच्या चार-पाच पिढ्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतात, आणि ज्या पराक्रमी पुरुषापासून सुरुवात होते तोही बहुतेक वेळा खरोखर होऊन गेलेला असतो. गडबड होते ती मधल्या शंभरेक वर्षांत, साधारण १७६० ते १८६० या काळात. तिथे एखाद्या बापाला दुसऱ्याच कुणाचा लेक जोडलेला असतो आणि वरचा सगळा डोलारा त्या एका जोडावर उभा असतो. म्हणून अख्खी वंशावळ खरी की खोटी, हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. बाप-लेकाची प्रत्येक जोडी सुटी करा आणि तिच्यापुरता कागद शोधा. बारा पिढ्यांच्या वंशावळीत अकरा सांधे येतात. दहा सांध्यांना पुरावा मिळाला आणि एकाला नाही, तर त्या सांध्याच्या वरचं सगळं अजून निव्वळ सांगणं आहे.

एक नमुना घेऊ. नावं फक्त समजावण्यापुरती आहेत, पण अशा धाटणीची वंशावळ गावोगाव भेटते. मूळपुरुष राणोजी, ‘शके १६८३, पानिपतावर पडले’. त्यांचा मुलगा येसाजी, त्याचा तुकाराम, त्याचा बाळा, आणि बाळाचा मुलगा म्हणजे आज पंचाहत्तरीत असलेल्या वडीलधाऱ्यांचे आजोबा.

आधी घरबसल्या आकडेमोड

दफ्तरात जाण्याआधी वर्षं मोजा. पुरुषांच्या बाजूने एका पिढीला सरासरी २५ ते ३० वर्षं धरायची. लढाईवर गेलेल्या राणोजीचा जन्म १७३० च्या आसपास धरला आणि आजच्या वडीलधाऱ्यांचा १९५०, तर मध्ये २२० वर्षं झाली. या अंतरात सात ते नऊ सांधे यायला हवेत. वंशावळीत आहेत सहा, म्हणजे पिढीला जवळजवळ ३७ वर्षं. एखाद-दुसऱ्या पिढीत धाकट्याचा धाकटा येऊन असं अंतर पडू शकतं, पण सलग सहा पिढ्या तसं होणं कठीण. बहुधा मधली नावं गळाली आहेत.

नावं गळण्याचं सर्वांत मोठं कारण आपल्या नाव ठेवण्याच्या रिवाजात आहे. नातवाला आजोबाचं नाव द्यायचं, म्हणून राणोजी-येसाजी-राणोजी-येसाजी अशी साखळी तयार होते. तोंडी सांगताना किंवा नक्कल उतरवताना दोन राणोजींचा एक राणोजी होतो आणि दोन पिढ्या एका फटक्यात नाहीशा होतात. वंशावळीत एकच नाव एकदाच आलेलं असेल आणि त्याचा नातू वेगळ्याच नावाचा असेल, तर तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवा.

दुसरी घरबसल्या करायची चाचणी तारखेची. पानिपतची लढाई झाली बुधवारी, १४ जानेवारी १७६१ रोजी. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती आणि शके १६८२ चालू होतं. शक बदलतो चैत्र शुद्ध प्रतिपदेला. त्यामुळे इसवी सनातून ७८ वजा करण्याचा हिशेब पाडव्यानंतर डिसेंबरपर्यंत चालतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करावे लागतात. आपल्या नमुन्यात ‘शके १६८३’ लिहिलं आहे. हे १७६१ मधून सरळ ७८ वजा करून आलेलं वर्ष आहे. म्हणजे ही ओळ राणोजीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नाही. शाळेत पानिपतचं इंग्रजी साल शिकलेल्या कुणीतरी ती नंतर घातली आहे. राणोजी पानिपतावर गेलाच नाही, असं यावरून ठरत नाही. पण ही ओळ पुरावा म्हणून वापरता येणार नाही, एवढं नक्की झालं.

संवत्सराचं नाव दिलं असेल तर तेही पडताळा. शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. जी बाकी उरेल त्या क्रमांकाचं संवत्सर, प्रभवपासून मोजून. बाकी शून्य आली तर साठावं, क्षय. १६८२ + १२ = १६९४, बाकी १४, म्हणजे विक्रम. शिवराज्याभिषेकाचं शके १५९६ घ्या: १६०८, बाकी ४८, आनंद. शक आणि संवत्सर जुळत नसतील तर निदान एक तरी चुकलं आहे.

जुन्या मराठी कागदांत शकाऐवजी बहुधा सुहूर सन येतो आणि तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ म्हणजे १७६०-६१, पानिपतचंच वर्ष. दक्षिणेतला फसली सन सुहूरच्या नऊने पुढे चालतो, म्हणून तेच वर्ष फसली ११७०. इथे फार लोक फसतात. सुहूरला फसली समजून वाचलं तर कागद नऊ वर्षांनी मागे सरकतो, आणि नऊ वर्षांत बाप मेलेला जिवंत होतो. महिना मुसलमानी आणि त्याआधी ‘छ’ असेल तर ते चंद्राचं अक्षर, म्हणजे चांद्र तारीख. वार दिला असेल तर जंत्रीत (तारखा-वारांच्या तक्त्यात) जुळवून पाहा. शिवकाळासाठी ‘खरे जंत्री’ हे पुस्तक हाताशी ठेवा.

गोव्याकडच्या कागदांसाठी आणखी एक पथ्य. पोर्तुगिजांनी नवी दिनगणना १५८२ मध्येच घेतली, इंग्रजांनी १७५२ मध्ये. सतराव्या शतकात दोघांच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर पडतं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही जुन्या इंग्रजी गणनेची तारीख आहे. एकाच घटनेच्या दोन तारखा दिसल्या की लगेच ‘बनावट’ म्हणू नका.

खालून वर चढायचं

नामवंत पूर्वजापासून खाली उतरत येऊ नका. त्या वाटेने कुणालाही कुणाशीही जोडता येतं. आपल्यापासून सुरुवात करा आणि एक-एक पायरी वर चढा.

पहिली पायरी फेरफार नोंदींची. सातबारावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि प्रत्येक वारस फेरफाराची नक्कल काढा. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे, आणि पुढच्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्यांत नोंदवह्या सुरू झाल्या. बऱ्याच ठिकाणच्या जुन्या वह्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात आहेत; नसतील तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. वारस फेरफारात मयताचं नाव, मरणाची तारीख आणि वारसांची नावं नात्यासह येतात. एका ओळीत बाप-लेकाचा सांधा सिद्ध होतो, शिवाय भावंडंही कळतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावं येऊ लागतात. वंशावळीने ज्यांना कधी जागाच दिली नाही त्या लेकी इथे भेटतात, आणि त्यांच्या सासरच्या घरांतून पुष्कळदा हरवलेली माहिती मिळते.

या कागदांची भाषा नीट वाचा. ‘तुकाराम बिन येसू’ म्हणजे येसूचा मुलगा तुकाराम. ‘गंगू कोम तुकाराम’ किंवा ‘मर्द तुकाराम’ म्हणजे तुकारामाची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलाचा पालक. ते आई, चुलता, मामा कुणीही असू शकतं, म्हणून त्या नावाला बाप समजू नका. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे थोरल्या भावाचंच नाव लागतं आणि बाकीचे भाऊ कागदावर दिसत नाहीत. पुढे वाटणी झाली की पुतण्या त्याच खात्यावर येतो आणि घाईने वाचणारा त्याला मुलगा ठरवतो. दत्तकाच्या बाबतीत जन्मदाता आणि दत्तक पिता असे दोन बाप असतात. ‘दत्तक’ हा शब्द कुठे दिसला तर दोन्ही नावं लिहून ठेवा.

दुसरी पायरी कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४. गावातले जन्म-मृत्यू त्यात नोंदलेले असतात. अनेक तालुक्यांत या वह्या १८८० च्या दशकापासून मिळतात आणि जुन्या मोडीत असतात. मृत्यूच्या नोंदीत नाव, बापाचं नाव, वय आणि मरणाचं कारण असतं.

आपल्या नमुन्यात इथेच गाठ सुटते. समजा १८८९ च्या वहीत सापडलं: ‘येसू बिन राणोजी, वय ७०’. म्हणजे या येसूचा, वंशावळीतल्या येसाजीचा, जन्म १८१९ च्या सुमाराचा. कोतवालाने वय अंदाजे सांगितलं असणार; साठ, सत्तर, पंचाहत्तर असे गोल आकडे या वह्यांत फार येतात. दहा वर्षं इकडेतिकडे धरली तरी जन्म १८०९ च्या मागे जात नाही. १७६१ मध्ये पडलेला राणोजी या येसूचा बाप असूच शकत नाही. येसूचा बाप राणोजी हा वेगळा, बहुधा १७९० च्या सुमारास जन्मलेला. तो पानिपतच्या राणोजीचा नातू असेल, पणतू असेल, किंवा त्याचा आणि पानिपतच्या राणोजीचा काही संबंधही नसेल. कच्चा सांधा सापडला. आता पुढचं सगळं काम या एका जागेवर करायचं.

शाळेचं जनरल रजिस्टर (विदर्भाकडे दाखल-खारीज) नाव आणि जातीसाठी उपयोगी, जन्मतारखेसाठी फारसं नाही. १ जून ही तारीख दिसली की गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली समजा. जातीच्या दाखल्यांसाठी या वह्या गेल्या काही वर्षांत फार हाताळल्या गेल्या आहेत. त्यामुळे मूळ पान बघायचा आग्रह धरा: शाई तीच आहे का, अक्षर त्याच पानावरच्या इतर ओळींसारखं आहे का, दोन ओळींच्या मध्ये शब्द कोंबला आहे का, आधीचं अक्षर खरवडलं आहे का.

१८६० च्या मागे

ब्रिटिश मोजणी १८३५ नंतर इंदापूरपासून नव्या पद्धतीने सुरू झाली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक दख्खन मोजून झालं. त्या मोजणीची शेतवार पत्रकं (कुठलं शेत कुणाकडे, याच्या याद्या) आणि पुढची कडई पत्रकं, सूड हे जमीन-नोंदीचे जुने कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागा. ‘राणोजी बिन येसाजी’ अशा नावाने खातं सापडलं, तर धाकट्या राणोजीच्या बापाचं नाव हाती येतं आणि एक सांधा आणखी वर जातो.

त्याच सुमारास इनाम कमिशन बसलं. त्याचा कायदा १८५२ चा. ज्यांच्याकडे इनाम किंवा वतन होतं त्यांना आपला हक्क सांगणाऱ्या कैफियती आणि वंशावळी द्याव्या लागल्या. घराण्याकडे एखाद्या बिघ्याचंही इनाम असेल तर हे कागद अवश्य शोधा. मात्र लक्षात घ्या, जमीन वाचवण्यासाठी दिलेलं ते निवेदन होतं. खालच्या तीन पिढ्या सांगणाऱ्याच्या डोळ्यांदेखतच्या म्हणून भरवशाच्या. इनाम देणाऱ्या राजापर्यंत नेलेला वरचा भाग हितसंबंधाचा. १८७४ च्या वतन कायद्याखालची वतनदारांची रजिस्टरंही अशीच पाहावी.

मराठवाड्यात वाट वेगळी: निजामी कागद, बराचसा उर्दूत, सन फसली. इनामाच्या बाबतीत ‘मुंतखब’ शोधा, कारण वारसांची चौकशी त्यातच सापडते. १९५४-५५ चं खासरा पत्रक हे तिथलं चांगलं सुरुवातीचं ठिकाण.

त्याच्या मागे पेशवे दफ्तर, पुण्याच्या पुराभिलेखागारात. कागद रुमालांत बांधलेले आहेत आणि विभाग वेगवेगळे: रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा-पथके, चिटणिशी, जमाव. ‘आडनाव अमुक, काय आहे ते दाखवा’ असं विचारून काही मिळत नाही. गाव, परगणा आणि वर्ष घेऊन जा. आपल्या राणोजीसाठी दोन प्रश्न: १८०० च्या आसपास या गावाच्या वसुलाच्या कागदांत कोण कोण कुळं आहेत, आणि १७६१ नंतरच्या दोन-चार वर्षांत या नावाच्या वारसांना बालपरवेशी (लढाईत पडलेल्याच्या मुलांच्या पोषणाची तरतूद) किंवा दुसरी कुठली नेमणूक मिळाली का. सरदाराच्या पदरी असलेल्या साध्या शिलेदाराचं नाव यादीत न सापडणं स्वाभाविक आहे. ‘नोंद नाही’ आणि ‘नोंद विरुद्ध जाते’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. कोल्हापूर भागासाठी तिथलं पुराभिलेखागार, खानदेशासाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ ही ठिकाणं धरून चला.

मोडी स्वतः शिका. पुराभिलेख विभागाचे वर्ग असतात. उतरवून देणारा माणूस प्रामाणिक असला तरी त्याला तुमचं आडनाव माहीत असतं, आणि अस्पष्ट अक्षरात तेच दिसण्याची सवय त्याच्याही डोळ्यांना असते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, शब्द तोडत नाहीत, ओळ सलग पळते. नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं यावर अर्थ बदलतो. मूळ छायाचित्र, अक्षरशः लिप्यंतर आणि आपला अर्थ अशा तीन गोष्टी नेहमी वेगळ्या ठेवा.

तीर्थोपाध्ये आणि हेळवी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांच्या वह्या हा फार मोलाचा ठेवा आहे. गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. यात्रेला आलेल्या पूर्वजाने स्वतः लिहिलेलं किंवा सांगितलेलं नाव, बापाचं, भावांचं, मुलांचं. विचारायच्या गोष्टी दोन. ही मूळ वही की जीर्ण झाली म्हणून उतरवलेली नवी? आणि नोंदीखाली शक आहे का? यात्रेकरूने आपल्या डोळ्यांसमोरच्या माणसांविषयी सांगितलेलं पक्कं. त्याने खापरपणजोबाविषयी सांगितलेलं ऐकीव.

सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे हेळवी सुगीनंतर दारी येऊन वंशावळ वाचतात. त्यांचा पाठ ध्वनिमुद्रित करा, आणि घरात जे लिहिलेलं आहे ते त्यांना आधी दाखवू नका. खालच्या पाच-सहा पिढ्या बऱ्याचदा फेरफारांशी जुळतात. वरचा भाग, म्हणजे कुठून आले, कुठल्या राजाच्या वंशातले, हा पुष्कळ घराण्यांना जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येतो. शेजारच्या वेगळ्या आडनावाच्या घरचा पाठही ऐका म्हणजे हे लगेच लक्षात येतं.

घरातली सनद

‘महाराजांनी दिलेलं पत्र’ घरात असेल तर आनंदच आहे, पण ते बघताना घाई नको. पत्र १६७४ च्या आधीचं असून त्यात राज्याभिषेक शक असेल तर ते त्या वेळचं नाही. शिक्का कुणाचा आणि पत्र कुणाच्या नावाने आहे ते जुळवा. शिवाजी महाराजांच्या पत्रावर सुरुवातीला ‘प्रतिपच्चंद्र’ ही मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब अपेक्षित. कागद उजेडासमोर धरा. त्यात कारखान्याचं नाव किंवा पाणचिन्ह दिसलं तर तो बहुधा पुष्कळ नंतरचा. मात्र नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ पत्र गेलं म्हणून शंभर वर्षांनी उतरवून घेतलेल्या प्रामाणिक नकला खूप आहेत. नक्कल करणाऱ्याने ‘नक्कल’ लिहिलं आहे का, हे पाहा.

पत्र अस्सल निघालं तरी सांधा आपोआप जुळत नाही. पत्रात ‘अमुक गावचा पाटील’ एवढंच असेल, तर त्यानंतर पाटीलकी विकली गेली का, निम्मी दुसऱ्याकडे गेली का, हे गावच्या महजरांवरून (गोतसभेच्या निवाडपत्रांवरून) पाहावं लागतं. महजराखाली पाटलाची नांगराची निशाणी आणि नाव असतं. निरनिराळ्या वर्षांचे दोन-तीन महजर मिळाले तर पाटीलकी बापाकडून लेकाकडे गेली की नाही ते स्पष्ट होतं.

आडनाव सारखं म्हणजे कुळ एक, हे गृहीत धरू नका. गावावरून पडलेलं ‘कर’ लावलेलं आडनाव त्या गावातून निघालेल्या पाच वेगवेगळ्या घरांना लागतं, आणि जुन्या कागदांत आडनावाच्या जागी नुसतं ‘पाटील’ किंवा ‘कुलकर्णी’ असतं. इथे घरातल्या बायकांना विचारा. ज्या घराण्याचे वंशज असल्याचा दावा आहे, त्या घराण्यात आपल्याकडची मुलगी दिली आहे का, तिकडची केली आहे का? सोयरीक झालेली असेल तर एक कुळ असण्याचा दावा तिथेच अडतो, कारण एका कुळात लग्न करत नाहीत. देवक वेगळं असेल तरी तोच प्रश्न उभा राहतो. उलट, नाव-गाव विसरलेल्या एखाद्या दूरच्या घराचं सुतक आजही पाळत असतील, तर भाऊबंदकीची ती जिवंत आठवण आहे आणि तिचा माग काढायला हवा. गोव्यातून आलेल्या घराण्यांनी कुलदेवतेच्या देवळातल्या महाजनांच्या (देवळाच्या मानकरी कुळांच्या) नोंदी आणि गावकारीचे (गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) कागद बघावेत.

डीएनए चाचणीने दोन शाखा पुरुषांच्या बाजूने एका वंशातल्या आहेत की नाही एवढं कळू शकतं. पानिपतचा राणोजी त्या वंशात होता का, हे तिला सांगता येत नाही.

वहीत काय लिहायचं

प्रत्येक सांध्याला एक पान द्या. त्यावर नोंद कुठल्या दफ्तरातली, वहीचं किंवा रुमालाचं नाव आणि क्रमांक, पान, मूळ शब्द जसेच्या तसे, माहिती कोणी दिली आणि घटनेनंतर किती वर्षांनी दिली, तिला त्यातून काय मिळणार होतं, मूळ पाहिलं की नक्कल, हे सगळं यावं. शोधून न सापडलेलंही लिहा: कुठल्या वर्षांच्या वह्या पाहिल्या, कुठल्या गहाळ किंवा वाळवीने खाल्लेल्या होत्या. नाहीतर दहा वर्षांनी दुसरा कुणी तेच रुमाल पुन्हा सोडत बसेल.

झाड काढताना सिद्ध सांध्याला सरळ रेघ, संभाव्य सांध्याला तुटक रेघ, आणि ज्याच्या विरुद्ध नोंद सापडली तिथे रेघच नको. आपल्या नमुन्यात येसूपासून खाली सरळ रेघ, येसू आणि धाकटा राणोजी यांच्यात सरळ रेघ, धाकट्या राणोजीच्या वर, सापडला असेल तर, शेतवार पत्रकातला येसाजी. पानिपतचा राणोजी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, सुटा, ‘कौटुंबिक आठवण, शके १६८३ ही ओळ नंतरची’ एवढ्या टिपेसह. आजोबांनी लिहिलेली मूळ वंशावळ खाडाखोड न करता, जशी आहे तशी प्लास्टिकऐवजी आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा, आणि तिच्या मागे त्यांनी ती कोणाला विचारून, कधी लिहिली ते घरात कुणाला ठाऊक असेल तर आजच विचारून दुसऱ्या कागदावर टिपून घ्या.